बायबलमधल्या नावांचा अर्थ लावताना: हिब्रू शब्दखेळ वाचण्याची रीत

बायबलच्या अभ्यासवर्गात, प्रवचनात आणि हल्ली सगळ्यात जास्त व्हॉट्सअॅपवर एक चूक सारखी दिसते. एखादं नाव घ्यायचं, 'नावांचे अर्थ' सांगणाऱ्या यादीतून त्याचा अर्थ उचलायचा आणि त्यावर अख्खं विवेचन उभं करायचं. याकोब म्हणजे 'फसवणारा', मोशे म्हणजे 'पाण्यातून काढलेला', बाबेल म्हणजे 'गोंधळ'. तिन्ही विधानं अर्धवट आहेत, आणि त्या अर्धवटपणातच कथेतली मजा हरवते.

हिब्रू कथाकार कोश तयार करायला बसलेला नव्हता. तो नावाचा आवाज ऐकवतो, मग तोच आवाज दुसऱ्या शब्दात, दुसऱ्या प्रसंगात पुन्हा वाजवतो. त्यामुळे नाव समोर आलं की 'याचा अर्थ काय' याच्या आधी विचारा: हा आवाज या कथेत आणखी कुठे आहे? खालच्या सगळ्या पायऱ्या या एका प्रश्नासाठी आहेत.

हिब्रू भाषा येण्याची गरज नाही. २२ अक्षरं ओळखता आली की काम भागतं.

## तयारी

दोन मराठी भाषांतरं घ्या: बायबल सोसायटीचं जुनं आणि एखादं सोप्या मराठीतलं. दोन्हींत फरक दिसला की तिथे मूळ शब्दात काहीतरी आहे, असा सुगावा लागतो.

प्रत्येक हिब्रू शब्दाखाली अर्थ आणि कोशातला क्रमांक दिलेला मजकूर इंटरनेटवर फुकट मिळतो. हे क्रमांक स्ट्राँगच्या शब्दसूचीतले, १ ते ८६७४. ते शोधायला फार सोयीचे आहेत, पण क्रमांकाशेजारी दिलेला एका ओळीचा अर्थ म्हणजे कोश नव्हे. त्यासाठी मोठा हिब्रू कोश वेगळा उघडावा लागतो.

वहीत तीन रकाने आखा: 'कथा काय म्हणते', 'भाषाशास्त्र काय म्हणतं', 'आवाज आणखी कुठे'. पहिले दोन एकत्र करायचा मोह होईल. करू नका.

वचनांचे क्रमांक तपासा. मराठी बायबल आणि हिब्रू बायबल यांचे क्रमांक सगळीकडे जुळत नाहीत. याकोबाला इस्राएल हे नाव मिळतं ते मराठीत उत्पत्ति ३२:२८, हिब्रूत ३२:२९. स्तोत्रांत तर हे पदोपदी होतं, कारण हिब्रूत बऱ्याचदा शीर्षकालाच पहिलं वचन धरलेलं असतं. शब्द सापडत नसेल तर एक वचन मागेपुढे बघा.

देवनागरीवर विसंबू नका. मराठी रूपांत हिब्रूची वेगवेगळी अक्षरं एकाच अक्षरात मिसळतात. हाबेलमधला 'ह' म्हणजे 'हे' हे अक्षर. हव्वा, इसहाक, राहेल यांतला 'ह' म्हणजे 'खेत'. काफ आणि कोफ दोन्ही 'क' होतात, ताव आणि तेत दोन्ही 'त'. अलेफ आणि आयिन तर स्वरातच विरून जातात. उलट 'बेत' हे एकच अक्षर कधी 'ब' तर कधी 'व' ऐकू येतं. या लेखात हिब्रू शब्द मी आजच्या इस्रायली उच्चाराच्या जवळपास लिहिले आहेत, तेव्हा हाच धोका इथेही आहे. अक्षरं मूळ मजकुरातच बघा.

## पायरी १: कथा स्वतः काही सांगते का?

आधी ठरलेली वाक्यरचना शोधा. हिब्रूत ती बहुधा दोन प्रकारची असते. एक: 'वायिक्रा शेमो... की...', म्हणजे 'त्याचं नाव अमुक ठेवलं, कारण...'. दुसरी: 'अल-केन कारा...', म्हणजे 'म्हणून त्याला अमुक म्हणतात'. मराठीत 'कारण ती म्हणाली' किंवा 'म्हणून त्या ठिकाणाचं नाव' असं दिसलं की पेन्सिलने खूण करा.

काही नावांना दोन-दोन कारणं असतात. राहेल योसेफाचं नाव ठेवते तेव्हा (उत्पत्ति ३०:२३-२४) आधी म्हणते, देवाने माझी अप्रतिष्ठा दूर केली, 'आसाफ'. लगेच म्हणते, परमेश्वर मला आणखी एक मुलगा देवो, 'योसेफ'. एक क्रियापद काढून नेण्याचं, दुसरं भर घालण्याचं. यातलं खरं कोणतं, असा वाद घालू नका. दोन्ही लिहा.

सावधान. नावाशेजारी कंसात किंवा तळटीपेत 'म्हणजे अमुक' असं असेल तर ती भाषांतरकाराची मदत आहे, कथेचं वाक्य नव्हे. पहिल्या रकान्यात फक्त वचनातलं लिहायचं.

## पायरी २: अक्षरं समोरासमोर मांडा

नाव आणि त्याच्या कारणातला मुख्य शब्द, दोन्ही अक्षर-अक्षर सुटे लिहा. काइनापासून सुरुवात करा, कारण तो लगेच गफलत दाखवतो. उत्पत्ति ४:१ मध्ये हव्वा म्हणते, 'कानिती', मला मिळाला (किंवा मी घडवला). म्हणून 'कायिन'. नावाची अक्षरं कोफ-योद-नून, क्रियापदाचा धातू, म्हणजे मूळ अक्षरं, कोफ-नून-हे. धातू वेगळे! कोशात 'कायिन' भाल्याच्या आणि लोहारकामाच्या शब्दांजवळ सापडतो. म्हणजे हव्वेने व्युत्पत्ती सांगितली नाही. तिने आवाज जुळवला.

शाळेत श्लेषाचं उदाहरण असायचं, 'हे मेघा, तू सर्वांना जीवन देतोस'. तिथे शब्द एक आणि अर्थ दोन. बायबलच्या नामकरणात बहुधा उलटं असतं: शब्द दोन, आवाज जवळचा. त्यामुळे धातू जुळला नाही म्हणून कथाकार चुकला, असं म्हणू नका. आणि कथेने सांगितलं म्हणून धातू जुळलाच पाहिजे, असाही हट्ट धरू नका.

## पायरी ३: दुसरा रकाना वेगळाच ठेवा

बाबेलचं उदाहरण घ्या. कथा म्हणते, तिथे परमेश्वराने भाषेचा गोंधळ केला, 'बालाल', म्हणून बाबेल (उत्पत्ति ११:९). त्या शहराचे लोक मात्र अक्कादी भाषेत आपल्या नावाचा अर्थ 'देवाचं दार' असा लावत, 'बाब-इली'. दोन्ही रकाने भरले की तिसरी गोष्ट आपोआप दिसते: जगाच्या दृष्टीने देवाचं दार असलेल्या नगरीला हिब्रू कथाकार 'गोंधळ' म्हणून चिडवतो आहे. बाबेल म्हणजे गोंधळ, एवढंच शिकवलं तर हा टोमणा कोणालाच कळत नाही.

मोशेचंही तसंच. फारोची मुलगी म्हणते, मी याला पाण्यातून काढलं, 'मेशितीहू' (निर्गम २:१०). पण 'मोशे' हे रूप व्याकरणात कर्तरी आहे. त्याचा अर्थ 'काढणारा' होतो, 'काढलेला' होत नाही. दुसऱ्या रकान्यात लिहा: मिसरी भाषेत 'जन्मलेला' या अर्थाचा शब्द असाच आहे आणि तो थुटमोस, रामसेस या नावांत दिसतो. मिसरी राजकन्या आपल्या भाषेतलं नाव ठेवते आणि कथाकार तिच्या तोंडून हिब्रू बोलवून घेतो. वर रूप कर्तरी, म्हणजे ज्याला काढलं तोच पुढे लोकांना काढणार. 'काढणे' हे क्रियापद हिब्रू बायबलात फार दुर्मीळ आहे: इथल्याखेरीज फक्त २ शमुवेल २२:१७ आणि त्याच गीताची दुसरी प्रत असलेल्या १८व्या स्तोत्रात. तिथेही पाण्यातूनच.

तपासणी. मराठी-संस्कृत नावांशी जुळणी करणारे संदेश या पायरीवर गाळून टाका. 'अब्राहाम म्हणजे ब्रह्मा, सारा म्हणजे सरस्वती' हा त्यातला सगळ्यात चिवट. अब्राहामाचं आधीचं नाव 'अव्राम': 'अव' म्हणजे बाप, 'राम' म्हणजे उंच. मधला 'ह' उत्पत्ति १७:५ मध्ये नंतर येतो, आणि तो का येतो हे कथा तिथेच सांगते. नुसता आवाज जुळणं किती फसवं असतं ते बघायचं तर हिब्रू 'आत्ता' हा शब्द घ्या. अर्थ: आत्ता! उच्चार तोच, अर्थ तोच, आणि मराठीशी नातं शून्य. नातं सिद्ध करायला प्रवासाचा माग लागतो. रूथ ४:१ मध्ये बवाज ज्या नातलगाला नाव न घेता 'पेलोनी अल्मोनी' अशी हाक मारतो, त्यातला 'पेलोनी' आणि आपला 'फलाणा' यांचं नातं मात्र खरं आहे. अरबी 'फुलान' हा पेलोनीचा भाऊबंद, आणि तो फारसीतून आपल्याकडे आला.

## पायरी ४: तोच आवाज पुढेमागे शोधा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. बहुतेक लोक नामकरणाच्या वचनापाशीच थांबतात.

नोहाची कथा ओळीने वाचा. उत्पत्ति ५:२९ मध्ये त्याचा बाप लामेख म्हणतो, हा आमचं सांत्वन करील, 'येनाखामेनू', आमच्या कामापासून, 'मिमाआसेनू', आणि हातांच्या कष्टापासून, 'इत्सवोन'. नाव 'नोआख', अक्षरं नून-खेत. धातू 'विसावा घेणे' या अर्थाचा. सांत्वनाचा धातू नून-खेत-मेम. एक अक्षर जास्त, म्हणजे पुन्हा आवाजाचाच खेळ.

आता ६:६ उघडा. परमेश्वराला पस्तावा झाला, 'वायिन्नाखेम', की आपण मनुष्य केला, 'आसा', आणि त्याच्या हृदयाला दुःख झालं, 'वायितआत्सेव'. सांत्वन, काम, कष्ट: लामेखाच्या वाक्यातले तिन्ही धातू त्याच क्रमाने परत आले, पण आता पारडं फिरलंय. बापाने ज्या शब्दांत सुटकेची आशा धरली, त्याच शब्दांत पुराचा निर्णय होतो. मराठीत 'सांत्वन' आणि 'पस्तावा' हे दोन वेगळे शब्द असल्यामुळे हे कितीही वाचलं तरी दिसत नाही.

तिथून दोनच वचनं पुढे, ६:८: नोहावर कृपादृष्टी झाली. कृपा म्हणजे 'खेन', खेत-नून. नोहाच्या नावाची अक्षरं उलटी. मग ८:४ मध्ये तारू टेकलं, 'वातानाख'; ८:९ मध्ये कबुतराला पाय टेकायला जागा सापडली नाही, 'मानोआख'; ८:२१ मध्ये होमाचा सुवास, 'निखोआख'. नामकरणाच्या वचनात जो विसाव्याचा धातू उच्चारलाच नव्हता, तो पूर ओसरल्यावर एकेक करून येतो.

इसहाकाचंही असंच करून बघा. 'यित्सखाक' म्हणजे 'तो हसतो'. १७:१७, १८:१२, २१:६, २१:९ आणि २६:८ ही वचनं काढा. धातू सगळीकडे एकच, पण हसणारी माणसं वेगवेगळी आणि हसण्याची जातही वेगळी. अविश्वासाचं हसू, आनंदाचं, चेष्टेचं, नवरा-बायकोच्या लाडाचं. मराठी भाषांतरांना तिथे प्रसंगानुसार शब्द बदलावे लागतात, त्यात भाषांतरकाराचा दोष नाही.

सावधान. शोध त्याच कथेत, फार तर त्याच पुस्तकात ठेवा. तीन अक्षरांचा धातू अख्ख्या बायबलात शोधला तर कुठेही, कशाशीही नातं जोडता येतं.

## पायरी ५: कोण बोलतंय ते लिहा

नावाचा अर्थ सांगणारं पात्र त्या क्षणी रागात, दुःखात किंवा स्पर्धेत असतं. लेआ आणि राहेल यांनी ठेवलेली नावं (उत्पत्ति २९:३१ ते ३०:२४) म्हणजे दोन बहिणींचं एका घरातलं भांडण आहे. 'रऊबेन' सरळ ऐकलं तर 'बघा, मुलगा!' पण लेआ म्हणते, परमेश्वराने माझं दुःख पाहिलं. नवऱ्याने आपल्याकडे पाहावं म्हणून तळमळणाऱ्या बाईला त्या नावात तेवढंच ऐकू येतं.

याकोबाला 'फसवणारा' कोण म्हणतं? एसाव, आणि तोही आशीर्वाद हातचा गेल्यावर. जन्माच्या वेळी कथाकाराने फक्त टाच दाखवली होती, 'आकेव' (२५:२६). २७:३६ मध्ये एसाव त्याच आवाजातून 'वायाकवेनी', याने मला दोनदा नाडलं, असं काढतो आणि पुढे म्हणतो: 'बेखोराती लाकाख, वेहिन्ने आत्ता लाकाख बिर्खाती'. माझा ज्येष्ठपणा नेला, आणि आत्ता बघा, माझा आशीर्वादही नेला. 'बेखोरा' आणि 'बेराखा' यांत बेत, काफ, रेश हीच तीन अक्षरं, फक्त जागा बदललेली. रडताना माणूस इतकं नेमकं बोलतो का, हा प्रश्न सोडून द्या. कथाकाराने त्याला असं बोलायला लावलं, हे महत्त्वाचं. दुसऱ्या रकान्यात हेही लिहा की बऱ्याच अभ्यासकांच्या मते याकोब हे मुळात 'देव रक्षण करो' या धर्तीचं चांगलं नाव असावं. म्हणजे 'फसवणारा' हा भावाचा आरोप आहे. तो नावाचा अर्थ म्हणून व्यासपीठावरून सांगू नये.

अबीगईलही नवऱ्याबद्दल असंच बोलते: नाबाल त्याचं नाव आणि 'नेवाला', मूर्खपणा, त्याच्यापाशी (१ शमुवेल २५:२५). ते बोलण्याआधी ती गाढवांवर जे सामान लादते त्यात द्राक्षारसाचे दोन बुधले आहेत (२५:१८). बुधला म्हणजे 'नेवेल'. अक्षरं तीच: नून, बेत, लामेद. मग २५:३७ मध्ये 'नाबालातून द्राक्षारस उतरला' तेव्हा ती त्याला घडलेलं सांगते आणि त्याचं काळीज दगड होतं. रिकामा बुधला! हे कथेने शब्दांत सांगितलेलं नाही, म्हणून वहीत त्याचा दर्जा वेगळा. तो कसा ठरवायचा ते पुढे.

## पायरी ६: स्पष्टीकरण नसलेली नावं हळू हाताळा

प्रत्येक नोंदीला अ, ब किंवा क अशी खूण करा. अ: कथा स्वतः सांगते. ब: कथा सांगत नाही, पण तीच अक्षरं त्याच प्रसंगात ठळकपणे येतात. क: फक्त कोश आणि आपली कल्पना.

नाबालाचा बुधला ब. हाबेलाच्या नावाला उत्पत्तीत स्पष्टीकरणच नाही. 'हेवेल' म्हणजे वाफ, उपदेशकाच्या पुस्तकात 'व्यर्थ' असं भाषांतर होतं तो शब्द. मुलगा येतो आणि वाफेसारखा जातो, ही जुळणी इतकी चपखल आहे की मी तिला ब देतो. कोणी क दिला तर भांडणार नाही.

रूथच्या पुस्तकात नामी स्वतःच सांगते की मला नामी म्हणू नका, मारा म्हणा, कारण सर्वसमर्थाने मला फार कडू केलंय (१:२०). तो अ. महलोन आणि खिल्योन या मुलांची नावं मात्र 'आजार' आणि 'नाश' अशी सर्रास सांगितली जातात. मुलं मरतात म्हणून ते पटतंही. पण कथा त्यावर चकार शब्द काढत नाही, आणि महलोनाचा धातू नक्की कोणता यावर मतभेद आहेत. क. शमशोनाच्या नावात सूर्य, 'शेमेश', स्पष्ट आहे. दलीलेच्या नावात रात्र, 'लायला', ऐकू येते असं म्हणणं आकर्षक आहे, पण तेही क.

क वाईट नसतं. क ला अ म्हणून खपवणं वाईट.

## पायरी ७: मराठीत मांडताना

'याकोब म्हणजे टाच' असं लिहू नका. 'याकोब या नावात हिब्रू कानाला टाच ऐकू येते' असं लिहा. वाक्य लांबतं, पण खोटं ठरत नाही. हिब्रू शब्द देवनागरीत एकदाच द्या आणि लगेच सांगा की दोन शब्दांत कोणती अक्षरं सारखी आहेत. चार-चार हिब्रू शब्द एका दमात टाकले की वाचक मान डोलावतो आणि पुढे जातो.

आवाज जुळतो पण अक्षर वेगळं, असं असेल तर तेही सांगा. यब्बोक नदीकाठी याकोब झुंजतो: 'याकोव', 'याबोक', 'येआवेक' (उत्पत्ति ३२:२२-२४). ऐकायला तिन्ही भावंडं. पण याकोवमध्ये आयिन आहे आणि येआवेकमध्ये अलेफ. धातू एक नाहीत, आणि तसा दावा करायची गरजही नाही.

## एक पूर्ण उदाहरण: शमुवेल

१ शमुवेल १:२० मध्ये हन्ना म्हणते, याला मी परमेश्वरापाशी मागितलं, 'शेइलतीव', म्हणून शमुवेल. अक्षरं मांडा. मागणे: शिन-अलेफ-लामेद. 'शेमुएल': शिन-मेम-वाव-अलेफ-लामेद. तिन्ही अक्षरं क्रमाने आहेत, पण मधल्या 'मेम'चं काय? धातू बसत नाही.

आता चौथी पायरी. १:१७ मध्ये याजक एली म्हणतो, तुझं मागणं देव पुरवो. १:२७, मी केलेलं मागणं. १:२८, मीही याला परमेश्वराला दिलं आहे; मराठीत 'देणं' दिसतं, पण हिब्रू धातू मागण्याचाच. आणि त्याच वचनात, 'हू शाउल लादोनाय', तो परमेश्वराला दिलेला आहे. 'शाउल'! आठ अध्याय पुढे जो पहिला राजा शौल येणार आहे, त्याचं हिब्रू नाव, अक्षर न अक्षर तेच. मध्ये ८:१० मध्ये लोक राजा 'मागणारे' आहेत, 'हाशोआलीम'.

काही अभ्यासक म्हणतात, ही जन्मकथा मुळात शौलाची असावी. काही म्हणतात, कथाकाराने मुद्दाम शमुवेलाच्या पाळण्यात शौलाचं नाव ठेवलं. दोन्ही मतं दुसऱ्या रकान्यात जातील. मला दुसरं जास्त पटतं, कारण मागणं हा धागा ८:१० आणि १२:१३ पर्यंत नीट विणलेला आहे: एका बाईने मागितलेला मुलगा आणि अख्ख्या लोकांनी मागितलेला राजा. वहीत: 'शमुवेल-मागणे' अ, 'शाउल-शौल' ब.

## स्वतः करून बघण्यासाठी

यहोशवाचा सातवा अध्याय घ्या. आखान चोरी करतो, सगळ्यांवर संकट आणतो, आणि त्या खोऱ्याचं नाव अखोर पडतं. ७:२५ मध्ये यहोशवा काय विचारतो त्यातलं क्रियापद काढा: आयिन-काफ-रेश. अखोरशी जुळेल. आखानशी जुळणार नाही, शेवटी नून आहे. मग १ इतिहास २:७ उघडा. तिथे याच माणसाचं नाव आखार लिहिलंय, शेवटी रेश. यहोशवाच्या जुन्या ग्रीक भाषांतरातही आखारच आहे. मूळ नाव कोणतं आणि कोणी कोणाला शब्दखेळासाठी वळवलं, हे ठरवायच्या आधी तिन्ही रकाने भरा, आणि खूण करताना पेन्सिल वापरा.